चिंचोक्याची खळ आणि चार नंबरचं झंपर

बाटल्यांपासून केलेल्या कापडाला मी चिंचोक्याची खळ दिली. हे वाचून ज्यांना हसू आलं ते शहाणे. यात चुकलं काय हेच ज्यांना कळलं नाही, ते माझ्या नात्यातले असणार. तेव्हा मी तरुण होते, एकोणसत्तरची. आता पंच्याहत्तरीला टेकले, आणि मागं वळून त्या बाईकडं बघते तर वाटतं, हिच्या हाती चिंचोके दिले कुणी, आणि दिले तर दिले, चुलीपाशी हिला एकटीला सोडलं कुणी?

खळ म्हणजे काय ते आधी सांगते. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भरडायचे आणि ते पीठ पाण्यात शिजवायचं. चिकट लापशी होते, तिला खळ म्हणतात. आमची माणसं पूर्वी मेंढरांमागं हिंडायची. घोंगडी विणून झाली की ती उन्हात ताणायची आणि तिच्यावर कुंच्यानं खळ फिरवायची. वाळली की घोंगडी ताठ होते, तिला अंग येतं, पाण्याचा थेंब वरून घसरतो. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "खळ न दिलेली घोंगडी आन् वळण न दिलेली सून, दोन्ही वारं लागलं की उडत्यात." हे म्हणताना घोंगडीकडं बघायच्या नाहीत, माझ्याकडं बघायच्या. मेंढरं केव्हाच गेली. घोडनदीच्या काठाला आमचा आता ऊस आहे, कांदा आहे. पण खळ शिजवायचं ज्ञान हातात राहून गेलं, आणि कामाला न आलेलं ज्ञान माणसाला गप्प बसू देत नाही.

माझी नात शिरूरच्या कॉलेजातून शिकून रांजणगावला एका कंपनीत लागली होती. तिथं रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून धागा करतात, धाग्याचं कापड करतात, आणि ते कापड टिकतं का हे बघायला एक प्रयोगशाळा आहे. तिथं ही. सहा महिने बघू, नीट काम केलंस तर कायम करू, असा बोलीचा कागद तिला मिळालेला. तो तिनं देवळीत ठेवला होता. मी रोज त्यावरची धूळ पुसायची, म्हणजे माझाही त्या नोकरीला हातभार.

पहिल्यांदा तिनं मला हे सगळं समजावलं तेव्हा मी मेथी निवडत होते. अर्धी मेथी पडली काड्यांत आणि काड्या गेल्या भाजीत.

"म्हंजी भंगारवाल्याकडच्या बाटल्या?" मी विचारलं.

"व्हय. त्या धुवायच्या, बारीक तुकडे करायचे, वितळवायच्या आन् त्याचा धागा ओढायचा. शेवया काढत्यात तसा."

"आन् रंग?"

"रंगवायला पाणी लई लागतं, आजे. आन् मग ते रंगाचं पाणी सोडायचं कुठं? वढ्यात? म्हणून आमच्याकडं थोडक्या पाण्यात रंगवत्यात. बंद भांड्यात, दाबाखाली. कुकरमधी डाळ शिजती तसं."

"डाळीला पाणी दुप्पट लागतं."

"आजे, डाळ सोड."

मी डाळ सोडली, पण गोंधळ काही सुटेना. हीच पोर दहा वर्षं माझ्या मागं लागलेली. आजे, प्लास्टिकची पिशवी घेऊ नको. आजे, ते जाळू नको. आजे, गाईच्या पोटात जातं. आणि आता तीच मला प्लास्टिक अंगात घालायला सांगत होती. मी म्हटलं, बाटली कुजत नाही म्हणून वाईट, मग कापड कुजत नाही म्हणून चांगलं कसं? ती म्हणाली, तीच बाटली उकिरड्यावर पडण्यापेक्षा चार वर्षं कुणाच्या अंगावर राहिली तर बरी का नाही? मी म्हटलं, बरी. मग ती म्हणाली, पण धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात, तेही खरं. मी विचारलं, म्हणजे पाणी वाचलं का नासलं? ती म्हणाली, "दोन्ही. तेच तर मोजायचं चाललंय."

शिकलेल्या पोरीनं 'दोन्ही' म्हटल्यावर अडाण्यानं काय करायचं? इनामगावला नदीकाठी जमीन उकरून हजारो वर्षांपूर्वीची खापरं काढली, ती मी लग्नानंतरच्या दिवसांत लोकांबरोबर बघून आले होते. मला वाटलं, पुढं कधी कुणी आमचं गाव उकरलं तर खापराशेजारी माझं झंपर निघेल, तसंच्या तसं, हुकांसकट. आणि शिकलेली माणसं त्यावर चर्चा करतील की ही बाई राणी होती का कोण. तेवढ्यापुरतं ते कापड मला आवडलं.

झंपराचं असं झालं. कंपनीला ते कापड खऱ्या अंगावर, खऱ्या उन्हात, खऱ्या घामात बघायचं होतं. नातीनं आमच्या आळीतल्या सहा बायका निवडल्या. सगळ्यांना वांगी रंगाचं एकेक झंपर शिवून दिलं. आत गळ्यापाशी नंबराची पट्टी. माझं चार नंबर, शेजारच्या भाभीचं पाच. बरोबर एक जाड कागद, त्यावर चाळीस चौकोन. झंपर घालायचं, रोजच्या पावडरीनं धुवायचं, उन्हात वाळवायचं, चौकोनात खूण करायची. चाळीस झाले की झंपर आणि कागद परत. दुसरं काही करायचं नाही. हे 'दुसरं काही करायचं नाही' तिनं तीनदा सांगितलं. माझ्याकडं बघून चौथ्यांदा सांगितलं.

भाभीचं घर पिंजाऱ्याचं. बाजाराच्या रस्त्याला त्यांचं गाद्यांचं दुकान आहे, तिच्या सासऱ्यांपासूनचं. मी तिच्याकडं नाक मुरडत म्हटलं, "काय बाई वेळ आली, बाटल्या अंगात घालायच्या!"

ती हातातली सुई न थांबवता म्हणाली, "अक्का, तुमच्या उशीत काय हाय?"

"कापूस."

"कापूस! आठ वर्सांपूर्वी तुम्हीच म्हणलात, भाभी, हलकी उशी दे, मान दुखती. हलकी म्हंजी ह्येच. बाटल्यांचा कापूस. आठ वर्सं डोक्याखाली चालतो, आन् अंगात घालायला लाजता?"

घरी येऊन मी उशी हुंगली. उशीसारखाच वास होता.

पहिले आठ दिवस मी इमानानं झंपर घातलं. रानात गेले, खुरपलं, घाम आला, धुतलं, खूण केली. नवव्या दिवशी दोरीवरून काढताना बघते तर खांद्यावर रंग फिका. वांग्याचं भरीत करताना साल सोललं की आतून दिसतं ना, तसा एक पट्टा.

इथं त्या तरुण बाईच्या डोक्यात काय शिजलं ते नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. नातीनं झंपर देताना म्हटलं होतं, "आजे, या चाचणीवर माझं सगळं हाय. ही नीट झाली तर मला कायम करतील." मी जन्मात दोनच परीक्षा दिल्या, एक चौथीची आणि एक सासूबाईंची. दोन्हींवरून मला एवढं कळलेलं की परीक्षा म्हटली की ती पास व्हायची असते. झंपर विटलं म्हणजे झंपर नापास. झंपर नापास म्हणजे पोर घरी. आणि पोर घरी बसली की तिच्या बापाच्या तोंडी एकच विषय, स्थळ.

मी झंपर ट्रंकेत ठेवलं.

राहिलेल्या चौकोनांत खुणा मी एकदम केल्या नाहीत, तेवढी मी मूर्ख नव्हते. आठवड्याला चार-पाच केल्या. कधी निळ्या पेनानं, कधी काळ्या. एका ठिकाणी हळदीचं बोट पुसलं, एका चौकोनावर चहाचा थेंब पाडला, म्हणजे कागद वापरातला वाटावा. एवढी मेहनत मी धुण्यात घातली असती तर चाळीसच्या जागी साठ धुणी झाली असती.

पण विटलेला पट्टा तसाच होता. झंपर परत द्यायच्या आधी दोन दिवस मी ते काढून उजेडात धरलं आणि हातातलं ज्ञान जागं झालं. खळ दिली की रंग उठून दिसतो. घोंगडी नाही का खळीनं काळीभोर होते? मग मी चिंचोके भाजले. घरचे सगळे रानात, मी एकटी, भरडते, शिजवते, मनात म्हणते, सासूबाई, बघा, तुमचं वळण वाया गेलं नाही. कुंचा नव्हता म्हणून दाढीचा ब्रश घेतला. ज्याचा घेतला त्याला अजून माहीत नाही. दोन हात खळ दिली, सावलीत वाळवलं, गादीखाली दाबून ठेवलं. सकाळी काढलं तर काय सांगू! कोरं करकरीत. खांद्यावरचा पट्टा गायब. झंपर नुसतं उभं केलं असतं तरी उभं राहिलं असतं.

नातीनं सहाही झंपरं गोळा केली. माझं हातात घेतल्यावर थोडी थबकली. "आजे, हे ताठ कसं?"

"आपलं पाणी जड हाय," मी म्हटलं. पाण्यावर ढकललं की कुणी भांडायला येत नाही.

आठवड्यानं ती घरी आली ती चेहरा पाडून. जेवायलाही बसेना. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "चार नंबर."

प्रयोगशाळेत सहाही झंपरं मांडली. पाच विटलेली, कुणाचं खांद्यावर, कुणाचं पाठीवर, काखेत धाग्याचे बारीक गोळे आलेले. एकटं चार नंबर नवीन. एकच कापड, एकच रंग, मग हे असं कसं? त्यांनी चार नंबर पुन्हा पाण्यात टाकलं. पाणी चिकट झालं, गढूळ झालं, आणि खोलीभर असा वास सुटला की कुणाला ओळखू येईना. तिच्या वरच्या मॅडमनी विचारलं, हे झंपर कुणाकडं होतं? हिनं खरं सांगितलं, माझ्या आजीकडं. तिथून पुढं सगळे हिच्याकडंच बघायला लागले. निकाल चांगला यावा म्हणून हिनंच घरी नेऊन काही लावलं असेल, असं.

"आजे, खरं सांग. तू काय लावलंस?"

आणि मी म्हटलं, "न्हाई बाई. म्या काय लावू?"

हे मी का म्हटलं ते आजही मला कळत नाही. खरं सांगायला तोंड उघडलं होतं. अर्ध्या वाटेवर जीभ वळली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन सांगून आली, आजीनं काही लावलेलं नाही, मी विचारलंय, ती खोटं बोलत नाही.

ती खोटं बोलत नाही! मी भाभीच्या दुकानात जाऊन बसले. गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसून सगळं सांगितलं, चिंचोक्यांपासून दाढीच्या ब्रशापर्यंत. ब्रशाचं ऐकून ती एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, मग ते पुसलं आणि एकदम गंभीर झाली.

"अक्का, मी तर पाच नंबर घालून ज्वारी काढली. पार इस्कोट झालाय त्याचा. मी वापस देताना म्हणलं, पोरी, माफ कर, तुझं झंपर मी खराब केलं. तर ती काय म्हणली म्हाईत हाय? म्हणली, चाची, लई चांगलं केलं."

"चांगलं केलं?"

"व्हय. मलाबी कळलं न्हाई. पण एवढं कळतंय, आता तुम्ही बोलला न्हाई तर त्या पोरीचं नाव जाईल. तुमचं काय, तुम्हाला कोण कामावर ठेवणार हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची बस फाट्यावर आली तेव्हा नातीच्या मागं मीही चढले. ड्रायव्हरमामा म्हणाले, "मावशी, ही कंपनीची गाडी हाय, देवाला जात न्हाई."

"म्या देवाला न्हाई, कबुलीजबाबाला चालले," मी म्हटलं आणि पुढच्या सीटवर बसले. बसमधली पोरं कानातल्या वायरी काढून बघायला लागली. नात लालबुंद. "आजे, उतर. काय चाललंय तुझं?"

"खळ लावली म्या. चिंचोक्याची. तुझ्या मॅडमला मीच सांगते."

ती खिडकीकडं तोंड फिरवून बसली. न्हावरे गेलं, पुढचे फाटे गेले, ती तशीच. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, शिव्यांना उत्तर देता येतं.

गेटवर वॉचमन परप्रांतातला. "अम्मा, पास दिखाओ."

मी म्हटलं, "पास कसला, म्या नापास हाय." त्याला कळलं नाही, पण नातीनं आत फोन केला आणि आम्हाला सोडलं.

मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या, पांढरा कोट, कपाळावर चष्मा. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मोठ्या टेबलावर दिव्याखाली सहा झंपरं मांडलेली. पाच थकलेली, माझं अर्धवट धुतलेलं, खळीचे पोपडे सुटलेले, नाटकातल्या म्हाताऱ्याच्या दाढीसारखं. मी उभी राहून सगळं सांगितलं. आठच दिवस घातलं. खुणा खोट्या केल्या. खळ मी दिली. पोरीला माहीत नव्हतं, तिनं विचारलं तेव्हाही मी खोटं बोलले. माझा आवाज मध्येच बारीक झाला, जो एरवी होत नाही.

मॅडमनी मध्ये एकदाही टोकलं नाही. लिहीत राहिल्या. मग विचारलं, "आजी, चिंचोके भाजून घेतले की कच्चे?"

"भाजून. कच्च्याचं टरफल निघत न्हाई."

त्यांनी तेही लिहिलं. मला वाटलं, थट्टा करतायत. बघितलं तर नाही. मग त्यांनी भाभीचं पाच नंबर उचललं, सगळ्यांत बेकार झालेलं, आणि असं हातावर पसरलं जसं बाजारात चांगलं लुगडं पसरून दाखवतात. "हे बघा. खांद्यावर, जिथं पाटी घेतली असेल, तिथं नेमका रंग गेलाय. आमच्या मशीनवर हे कधीच दिसलं नसतं. यावरून आम्हाला रंगाच्या भांड्यातला दाब बदलावा लागणार." आणि त्या खूश होत्या! कापड विटलं म्हणून खूश. मी नातीकडं बघितलं, ती टेबलाकडं बघत होती.

"आणि चार नंबर?" मी विचारलं.

"चार नंबर बाद. नोंद तशी करावी लागेल, घडलं तसं." मग म्हणाल्या, "चाचणी तिच्या देखरेखीखाली होती. घरच्या माणसाला झंपर द्यायला नको होतं, ती चूक तिचीच धरली जाईल. तिचं काम जात नाही. पण कायम करण्याचा कागद आता होणार नाही. पुढची चाचणी पूर्ण झाली की बघू."

"चूक माझी, आन् धरणार तिची?"

"हो, आजी."

मी पदर नीट केला. मॅडमनी मला चहा पाजला, कँटीनचा, गोड पाक. तो प्यायला तरी मला काही उमजेना. जिचं झंपर खराब झालं ती शहाणी, जिचं चांगलं राहिलं ती चोर. मी खोटं बोलले तेव्हा पोरीचं नाव जात होतं, खरं बोलले तर तिचा कागद गेला. एवढं मात्र झालं, लोकांनी तिच्याकडं बघायचं थांबवलं. बाहेर पडताना तिच्या जोडीची एक मुलगी तिच्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "तेरी दादी तो एकदम खतरनाक है," आणि नात पहिल्यांदा अर्धं हसली. ते हसू माझ्याकडं वळेपर्यंत संपलं होतं.

मला एस.टी.त बसवून द्यायला ती सुट्टी घेऊन स्टँडवर आली. आम्ही बाकावर बसलो. तिनं मला केळं सोलून दिलं, जसं लहान मुलाला देतात. मी म्हटलं, "पोरी, मला वाटलं झंपर पास झालं की तू पास. म्या तुझ्यासाठी केलं."

ती केळ्याचं साल कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. गाडी फलाटाला लागली, लोक उठले, मीही उठले. पायरीवर पाय ठेवला तेव्हा ती मागून म्हणाली:

"आजे, कापड कुठं विटतं ते सांगायचीच तर माझी नोकरी हाय. तू तेवढंच झाकलंस."